स्टिअरिंग अँगल सेन्सर खरंच गेलाय का, हे तपासायचं कसं?

घाटवाट, चिपळूण

नमस्कार मंडळी. गाडीच्या इलेक्ट्रिक कामातलं मला फार कळत नाही, पण जे सांगाल ते नीट करून बघेन.

गाडी २०२१ ची, पेट्रोल, कॉम्पॅक्ट एसयूव्ही, ५८ हजार किलोमीटर झालेली. वडिलांना दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यायला कराडला न्यावं लागतं, म्हणजे दर महिन्याला कुंभार्ली घाट चढून उतरायचा. गाडी मीच चालवते. मे महिन्यात पोफळीच्या पुढे एका खड्ड्यात डावं चाक जोरात आपटलं. डाव्या बाजूचा लोअर आर्म आणि टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांड्याचं टोक) बदलावा लागला. ते काम एका गॅरेजमध्ये झालं आणि तिथूनच त्यांनी गाडी अलाइनमेंटला पाठवून आणली.

त्यानंतर पहिल्यांदा घाट चढले तेव्हा डाव्या वळणावर पिवळा घसरणारी गाडी असलेला दिवा लुकलुकला आणि मागून डावीकडे कुणीतरी गाडी धरून ठेवल्यासारखं वाटलं. क्षणभरच. रस्ता कोरडा होता, वेग ४० च्या आसपास. पुढच्या दोन वळणांवर पुन्हा तसंच. हेळवाकला थांबून गाडी बंद-चालू केली तर दिवा गेला. परत येताना तो कायमचा लागला आणि मग ते धरणंही थांबलं. गाडी एका बाजूला ओढत नाही. सरळ रस्त्यावर स्टिअरिंगही सरळच दिसतं.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. दोन कोड आले, सी००५१ आणि यू०१२६. ते म्हणाले, स्टिअरिंग अँगल सेन्सर (स्टिअरिंग किती अंश फिरलंय ते सांगणारा) गेला, कॉम्बिनेशन स्विचसकट येतो, मजुरी धरून १६,८०० रुपये. मी विचारलं, सेन्सरच गेलाय हे कशावरून? म्हणाले, कोडमध्ये त्याचंच नाव आहे.

पैसे घालायची माझी तयारी आहे. पण सेन्सर बदलूनही वडील शेजारी बसलेले असताना वळणावर गाडीने असं धरलं, तर मी काय करायचं? म्हणून बदलण्याआधी तो तपासता येतो का, आणि कसा, एवढं सांगा. घरी साधा मल्टीमीटर आहे. भावाकडे मोबाइलला जोडायचं ब्लूटूथचं छोटं डोंगल आहे.

मावळपंख, पुणे

ताई, माझ्या गाडीत बॅटरी बदलल्यावर असाच दिवा लागला होता. इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवलं, मध्ये आणलं आणि मोकळ्या रस्त्यावर थोडं सरळ चालवलं. दिवा गेला तो गेलाच. आधी हे करून बघा, फुकट आहे.

तांब्याची तार, सांगली

ताई, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. ऑटो इलेक्ट्रिकच्या धंद्यात मला तेवीस वर्षं झाली. "कोडमध्ये नाव आहे म्हणून पार्ट बदला" या एका वाक्यापायी लोकांचे जेवढे पैसे गेलेले मी बघितलेत, तेवढे खऱ्या बिघाडापायी गेलेले बघितले नाहीत. तक्रार कुणाविषयी आहे तेवढं कोड सांगतो. दोष कुणाचा, ते आपण मोजून ठरवायचं.

वरच्या दादांनी सांगितलेलं काही गाड्यांना लागू पडतं. बॅटरी काढली की त्यांची शून्याची आठवण जाते, ती अशी परत येते. पण तुमची बॅटरी कुणी काढली असं दिसत नाही, आणि तुमचं दुखणं चाकाखालचं काम झाल्यापासून सुरू झालंय. ते मनात धरून पुढचं वाचा.

आधी तुमचे दोन कोड. यू ने सुरू होणारा कोड म्हणजे गाडीतले कंट्रोलर (छोटे संगणक) एकमेकांशी ज्या तारांवर बोलतात, तिथे या सेन्सरचा आवाज कधीतरी ऐकू आला नाही. कधीतरी, हा शब्द महत्त्वाचा. कुणी इग्निशन चालू असताना कपलर (वायरची जोडणी) काढून परत लावला, तरी तो कोड पडतो आणि आठवणीत राहतो. सी००५१ म्हणजे स्टिअरिंगच्या जागेच्या सेन्सरबद्दलची तक्रार. यात तार तुटल्यापासून ते "हा सांगतोय ते बाकीच्यांशी जुळत नाही" इथपर्यंत बरंच काही येतं. म्हणून पहिलं काम, दोन्ही कोड कागदावर लिहून घ्या, पुसून टाका, वीसेक किलोमीटर गाडी चालवा आणि कोणता परत येतो ते बघा. परत येतो तोच आजचा बिघाड.

भावाचं डोंगल यासाठी बहुतेक चालणार नाही. ती स्वस्त डोंगलं इंजिनचे कोड वाचतात, एबीएस आणि स्टॅबिलिटीच्या (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेच्या) कंट्रोलरपर्यंत पोचत नाहीत. तुमच्या भागात कुणा इलेक्ट्रिशियनकडे चांगला स्कॅनर असेल तर अर्धा तास त्याच्या शेजारी बसा. त्याला म्हणा, कोड नको, लाइव्ह डेटा दाखव, म्हणजे सेन्सर आत्ता काय सांगतोय ते आकडे.

त्याआधी बॅटरी. इंजिन बंद, गाडी तासभर उभी, तेव्हा १२.४ ते १२.६ व्होल्ट हवेत. इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास. आता इंजिन चालू ठेवून, गाडी जागेवर उभी असतानाच दुसऱ्याला स्टिअरिंग फिरवायला सांगा आणि मीटर बघा. इलेक्ट्रिक स्टिअरिंगची मोटर जागेवर फिरवताना भरपूर करंट ओढते. बॅटरी थकलेली असेल किंवा टर्मिनल सैल असेल तर तेवढ्यात व्होल्टेज खाली बसतं, कंट्रोलर डुलकी घेतात आणि दोष मात्र सेन्सरच्या नावावर लागतो.

आता मुख्य तपासणी. लाइव्ह डेटामध्ये स्टिअरिंग अँगल लावा, आलेख दिसत असेल तर फारच छान. गाडी सपाट जागी. स्टिअरिंग अगदी हळू, न थांबता, पूर्ण डावीकडे न्या. आकडा एकसारखा वाढत गेला पाहिजे. बहुतेक गाड्यांत डावीकडे अधिक आणि उजवीकडे उणे दाखवतात. मध्येच उडी मारली, गोठला, शून्यावर पडून परत आला, तर तो कोन लिहून ठेवा आणि त्याच जागेवरून पाच वेळा न्या. दर वेळी त्याच कोनावर होत असेल तर सेन्सर आतून खराब आहे. वेगवेगळ्या ठिकाणी होत असेल तर आधी कपलर आणि वायर. स्टिअरिंग हातात स्थिर धरलंय आणि फिरण्याचा वेग म्हणून जो वेगळा आकडा असतो तो नाचतोय, हीपण वाईट खूण. टोकाला गेल्यावर स्टिअरिंग दाबून धरून ठेवू नका, मोटर तापते. आकडा बघा आणि सोडा.

आता सर्वात कामाची गोष्ट सांगतो, हीच लोक करत नाहीत. तीन आकडे लिहा: पूर्ण डावं टोक, पूर्ण उजवं टोक, आणि गाडी सपाट सरळ रस्त्यावर ताशी चाळीसने हात न ओढता सरळ चाललेली असताना दिसणारा कोन. तो तिसरा आकडा शेजारी बसलेल्या माणसाने वाचायचा, तुम्ही रस्त्याकडेच बघायचं. रस्ता एका बाजूला उतरता असतो, म्हणून त्याच पट्ट्यावर जाताना आणि येताना, असं दोनदा घ्या. चारी टायरची हवा आधी सारखी करा.

दोन्ही टोकं सारखी आणि सरळ चालताना शून्याच्या एकदोन अंश इकडेतिकडे, तर सेन्सर आणि अलाइनमेंट दोन्ही ठीक. टोकं सारखी नाहीत आणि सरळ चालतानाचा आकडा बरोबर दोन टोकांच्या मध्यावर पडतो, तर रॅक (स्टिअरिंग फिरवलं की आडवा सरकून चाकं वळवणारा दांडा) मध्यावर आहे, फक्त सेन्सरचं शून्य सरकलंय, ते स्कॅनरने परत बसवायचं. आणि टोकं सारखी आहेत पण गाडी सरळ चालताना सेन्सर आठ-दहा अंश दाखवतो, तर सेन्सर खरं बोलतोय. चुकलंय ते चाकाखाली. मला तुमच्या गाडीत हेच असावं असं वाटतंय, पण आकड्याशिवाय मी शपथ घेणार नाही.

वायर तपासायची वेळ आली तर: सेन्सरला सप्लाय येतो का ते बघा, पण नुसतं व्होल्टेज बघून भागत नाही. अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी जोडणी) तपासताना सगळं जोडलेलं आणि इग्निशन चालू असताना मीटरचं एक टोक सेन्सरच्या अर्थ वायरवर आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर लावा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थ सडलाय. कोकणात हे फार. कपलरवर हिरवी बुरशी धरलेली मी रत्नागिरीकडच्या कितीतरी गाड्यांत बघितली. आणि बोलण्याच्या दोन तारा: बॅटरी काढून पाचेक मिनिटं थांबा, मग स्कॅनर लावायच्या सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा. साठ ओहमच्या आसपास आला तर दोन्ही टोकांचे १२० चे रेझिस्टर जागेवर आहेत. १२० आला तर कुठेतरी एक टोक सुटलंय. शून्याजवळ आला तर तारा एकमेकींना चिकटल्यात. वायर टोचून मोजू नका, टोचलेल्या भोकातून पाणी जातं आणि सहा महिन्यांनी तीच वायर तुम्हाला रडवते.

एक गोष्ट मात्र अजिबात करायची नाही. स्टिअरिंगच्या आत पिवळा कपलर दिसला की त्याला मीटर लावायचा नाही. तो एअरबॅगचा. मीटर ओहम मोजताना स्वतःचा करंट सोडतो. ते स्टिअरिंग उघडायचं काम जाणकाराचंच.

आणि अलाइनमेंटची खात्री होईपर्यंत कुणालाही कॅलिब्रेशन (स्कॅनरने सेन्सरचं शून्य बसवणं) करू देऊ नका. वाकड्या जागेला सरळ म्हणून शिकवलं की खरी चूक झाकली जाते.

मोजपट्टी, चाकण

तार काकांनी तपासणी पूर्ण सांगितली आहे. मी गाड्यांच्या ब्रेकिंग सिस्टिमच्या चाचण्यांवर काम करते, म्हणून घाटवाट यांना वळणावर जे जाणवलं त्याचा हिशेब मांडते. तो मांडल्यावर काकांचा अंदाज मला आणखी पटला.

स्टॅबिलिटी कंट्रोल सतत दोन गोष्टींची तुलना करतं. चालकाला कुठे जायचंय हे स्टिअरिंगच्या कोनावरून आणि वेगावरून कळतं. गाडी प्रत्यक्षात किती वळतेय ते याव सेन्सर सांगतो, म्हणजे गाडी स्वतःभोवती सेकंदाला किती अंश फिरतेय ते. दोन्हींत फरक पडला की एखाद्या चाकाला ब्रेक लावून गाडी चालकाच्या मनासारखी वळवायची. ही यंत्रणा १९९५ मध्ये पहिल्यांदा विक्रीच्या गाडीत आली तेव्हापासून तिचा गाभा हाच आहे.

आता धरा की सेन्सर सतत दहा अंश जास्त डावीकडे दाखवतोय. स्टिअरिंगचं गुणोत्तर पंधराच्या आसपास असतं, म्हणजे स्टिअरिंगचे दहा अंश म्हणजे पुढच्या चाकाचे पाऊण अंशाहून थोडे कमी. व्हीलबेस २.६ मीटर आणि वेग ताशी ४० किलोमीटर धरला, तर हिशेब येतो सेकंदाला जवळजवळ ३ अंश. कंट्रोलरला वाटतं, चालकाला याहून ३ अंश जास्त वळायचंय आणि गाडी वळत नाहीये, पुढची चाकं बाहेर सरकतायत. अशा वेळी तो आतल्या बाजूचं मागचं चाक धरतो. डाव्या वळणावर आतलं मागचं चाक म्हणजे डावं मागचं. तुम्ही लिहिलंय, "मागून डावीकडे कुणीतरी धरल्यासारखं." हे वर्णन तंतोतंत जुळतं. आणि दिवा कायमचा लागल्यावर ते थांबलं, कारण तोवर कंट्रोलरने सेन्सरवरचा विश्वास सोडून काम बंद केलं होतं.

थोडा फरक गाडी सरळ चालताना बऱ्याच यंत्रणा स्वतः शिकून घेतात. फरक मर्यादेबाहेर गेला की शिकणं सोडतात आणि कोड टाकतात.

सेन्सर आतून कसा असतो हेही सांगते, म्हणजे आलेख वाचायला सोपं जाईल. स्टिअरिंग दोन्हीकडे मिळून तीन फेऱ्यांच्या आसपास फिरतं, त्यामुळे एका फेरीतला कोन कळून भागत नाही, कितवी फेरी हेही कळावं लागतं. एका प्रचलित रचनेत शाफ्टवरच्या मोठ्या दातेरी चक्राला दोन छोटी चक्रं लागलेली असतात. दोघांच्या दातांची संख्या एकाने कमीजास्त. प्रत्येकात चुंबक, त्यासमोर चुंबकीय सेन्सर. दात सारखे नसल्यामुळे दोन चक्रांच्या स्थितीची जोडी पूर्ण प्रवासात पुन्हा येत नाही. म्हणून गाडी बंद असताना कुणी स्टिअरिंग फिरवलं तरी चालू केल्यावर खरा कोन लगेच कळतो. दुसऱ्या रचनेत खाचांची चकती आणि प्रकाश असतो. तिथे चकतीवर धूळ किंवा ग्रीस बसलं की ठरावीक कोनावर आकडा हरवतो.

याव सेन्सरचाही आकडा त्याच स्कॅनरवर बघून घ्या. गाडी उभी असताना तो शून्याजवळ हवा. तोच खोटं बोलत असेल तरीही तक्रार स्टिअरिंगच्या नावावर जाऊ शकते.

समुद्रवारा, मालवण

माझा सेन्सर खरोखरच गेला होता, म्हणून तो कसा दिसतो ते सांगतो. स्टिअरिंग डावीकडे नेताना ८५, ८६, ८७ आणि एकदम ०, मग ९४ पासून पुढे नीट. दहा वेळा केलं, दहाही वेळा तिथेच. उजवीकडून परत येतानाही त्याच पट्ट्यात. आम्ही मोबाइलवर स्क्रीनचं चित्रीकरण करून ठेवलं आणि तेच दुकानात दाखवलं. कपलर साफ केला, अर्थ मोजला, काही फरक नाही. मग बदलला. बदलल्यावर स्कॅनरने शून्य बसवावंच लागलं, त्याशिवाय दिवा गेला नाही. तुमच्या गाडीत आकड्यांत असा खड्डा दिसला नाही तर बदलू नका.

घाटवाट, चिपळूण

सर्वांचे आभार. चार दिवस लागले, पण सगळं केलं. माझ्या भावाचा मित्र इथेच गाड्यांचं इलेक्ट्रिक काम करतो, त्याच्याकडे सगळे कंट्रोलर वाचणारा स्कॅनर आहे. तुमचे संदेश त्यालाही वाचायला दिले.

बॅटरी उभ्या गाडीत १२.५, इंजिन चालू असताना १४.१. जागेवर स्टिअरिंग फिरवताना १३.६ पर्यंत उतरली, त्याखाली नाही. ६ आणि १४ मध्ये ६१ ओहम. दोन्ही कोड पुसले आणि बहादूरशेख नाक्यावरून मुंबई-गोवा रस्त्याने सावर्ड्याच्या पुढपर्यंत जाऊन आलो. यू०१२६ परत आला नाही. सी००५१ आला.

आलेख गुळगुळीत. आम्ही सहा वेळा टोकापासून टोकापर्यंत नेलं, कुठेही खड्डा नाही, उडी नाही. याव सेन्सर उभ्या गाडीत ०.१.

आता ते तीन आकडे. डावं टोक ५२१. उजवं टोक उणे ५१९. सरळ चालताना, जाताना ११.६ आणि येताना १०.८.

मी आणखी एक केलं. स्टिअरिंगच्या वरच्या मध्यावर कागदी टेप चिकटवली आणि जिथे ते डोळ्यांना सरळ दिसतं तिथून दोन्हीकडे किती फिरतं ते बघितलं. डावीकडे कमी फिरतं, उजवीकडे जास्त. टेप दोन्ही टोकांना सारख्या जागी येत नाही. आणि मला न कळलेली गोष्ट अशी: स्टिअरिंग हाताला सरळ दिसतं, तेव्हा स्क्रीनवर ११ असतात. दोन्ही एकाच वेळी खरं कसं?

तांब्याची तार, सांगली

ताई, फार नीट मोजलंत. ती टेप चिकटवलीत तिथेच उत्तर आहे.

टोकं ५२१ आणि ५१९, म्हणजे सेन्सरचं शून्य रॅकच्या मध्यावर आहे. सेन्सर चांगला. पण गाडी सरळ चालते तेव्हा शाफ्ट अकरा अंश डावीकडे असतो. म्हणजे दोन टाय रॉडची लांबी सारखी नाही. नवा टाय रॉड एंड बसवताना आटे मोजले नसणार, एकदीड मिलिमीटर इकडेतिकडे झाला. अलाइनमेंटवाल्याने मग दुसऱ्या बाजूने टो (पुढची चाकं वरून बघताना किती आत-बाहेर वळलेली असतात ते) जुळवला. कागदावर टो बरोबर आला, चाकं एकमेकांना समांतर आली, म्हणून गाडी ओढत नाही. फक्त रॅक मध्यावर राहिला नाही.

तेव्हा स्टिअरिंग अकरा अंश वाकडं दिसलं असणार. ते सरळ दिसावं म्हणून कुणीतरी नट काढून स्टिअरिंग एक दातरा सरकवून परत बसवलं, असा माझा तर्क आहे. शाफ्टला छत्तीस दातरे असतील तर एक दातरा म्हणजे बरोबर दहा अंश. उरलेला एक अंश डोळ्यांना दिसत नाही. तुमच्या गाडीत सेन्सर शाफ्टवर बसलेला असणार, त्याला स्टिअरिंग कुठे लावलंय याच्याशी देणंघेणं नाही. म्हणून हाताला सरळ आणि स्क्रीनवर अकरा. आणि त्याच कामात कपलर निघाला असेल, त्याची आठवण म्हणजे तो यू०१२६.

खात्री करायला दोन जागा बघा. गाडी लिफ्टवर घेऊन दोन्ही टाय रॉडच्या लॉकनटच्या बाहेर किती आटे दिसतात ते मोजा. अकरा अंशांना रॅक दीड मिलिमीटरच्या आसपास सरकतो, म्हणजे दोन्हीकडच्या आट्यांत दोनेकाचा फरक दिसायला हवा. दुसरी जागा स्टिअरिंगच्या आत. शाफ्टवर आणि स्टिअरिंगच्या हबवर जुळणीची खूण असते. ती बघण्यासाठी एअरबॅग काढावी लागेल, म्हणून भावाच्या मित्राला सांगा: चाकं सरळ, इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढून निदान दहा मिनिटं थांबायचं, एअरबॅग काढली की कव्हर वर करून ठेवायची आणि तिच्यावर काहीही ठेवायचं नाही. स्टिअरिंग निघालेलं असताना क्लॉक स्प्रिंग (हॉर्न आणि एअरबॅगच्या तारांची गुंडाळलेली पट्टी) हाताने फिरवायची नाही, आहे तिथेच टेपने धरून ठेवायची. ती मध्यावरून सरकली तर पूर्ण वळणावर तुटते आणि मग हॉर्न आणि एअरबॅग दोन्ही जातात.

क्रमही महत्त्वाचा. आधी स्टिअरिंग खुणेवर. मग ते मध्यावर बांधून ठेवून दोन्ही टाय रॉड वेगवेगळे जुळवून अलाइनमेंट. शेवटी शून्याचं कॅलिब्रेशन. उलट क्रमाने केलं तर सगळं पुन्हा करावं लागेल.

आणि हे होईपर्यंत वडिलांना घेऊन घाटात जाऊ नका. त्या दिवशी एसटीने गेलात तरी चालेल.

घाटवाट, चिपळूण

काका, काम झालं. काल रात्री उशिरा परत आले म्हणून आज लिहितेय.

आटे: डावीकडे १८, उजवीकडे १६. स्टिअरिंग उघडलं तर हबवरची खूण आणि शाफ्टवरची खूण एक दातरा सरकलेली. भावाच्या मित्राने मला बोलावून दाखवलं. एअरबॅगच्या कव्हरच्या कडेला स्क्रूड्रायव्हरचा ओरखडाही होता, तो माझ्या आधी लक्षातच आला नव्हता. स्टिअरिंग उघडलं होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बिलातही नव्हतं. पैशांपेक्षा मला याचंच जास्त वाईट वाटलं, कारण ज्या वस्तूत एअरबॅग आहे ती माझ्या नकळत काढून लावली होती.

तुम्ही सांगितलेल्या क्रमानेच केलं. अलाइनमेंट दुसरीकडे केली. तिथल्या माणसाला मी आधीच म्हटलं की स्टिअरिंग आम्ही खुणेवर बसवलंय, त्याला हात लावायचा नाही, दोन्ही बाजूंनी जुळवा. त्याने लॉक लावून दोन्हीकडून केलं, शेवटी दोन्हीकडे १७ आटे. मग कॅलिब्रेशन एका झटक्यात झालं. आताचे आकडे: डावं टोक ५२०, उजवं उणे ५२०, सरळ चालताना जाताना ०.७ आणि येताना उणे ०.४. स्कॅनर, मजुरी, अलाइनमेंट मिळून २,१०० रुपये.

आधी मी एकटीच हेळवाकपर्यंत जाऊन आले, दोनदा. त्याच तीन वळणांवर मुद्दाम तेवढ्याच वेगाने. काही नाही. काल वडिलांना घेऊन कराडला गेले. उतरताना पाऊस होता, धुकंही होतं, एका वळणावर चिखल आलेला होता तिथे दिवा दोनदा लुकलुकला आणि गाडी सरळ राहिली. त्या वेळी तो लुकलुकायलाच हवा होता ना? कोड नाही, दिवा नंतर विझलेला.

तांब्याची तार, सांगली

हो ताई, चिखलावर तो लुकलुकला म्हणजे त्याचं काम करत होता. ते थांबवू नका, बटण दाबून बंदही करू नका.

पाचशे किलोमीटर झाले की दोन्ही टाय रॉडचे लॉकनट एकदा पान्याने घट्ट आहेत का ते बघून घ्या, आणि गाडी चालू करताना एअरबॅगचा दिवा लागून विझतो ना, हे आठवडाभर रोज बघा. मालवणच्या दादांसारखं तुमच्या आलेखाचं चित्रीकरण असेल तर ते इथे टाका. चांगला सेन्सर कसा दिसतो, ते पुढच्या माणसाला कामाला येईल.